न होण्याचं औषध

दुपारी दोनच्या सुमारास आमच्या दाराची कडी हळूच वाजली, की आई हातातलं काम तसंच टाकून आतल्या खोलीत निघून जायची आणि मलाही डोळ्यांनी आत बोलवायची. कडीच्या आवाजावरून आम्हाला कळायचं. दूधवाला, पोस्टमन, बाबांच्या शाळेतले शिपाईकाका, ही सगळी माणसं कडी दणादणा आपटायची. चंद्राआत्याकडे आलेली बाई मात्र एकदाच वाजवायची आणि नुसती उभी राहायची. मग आत्या उठायची, तिला घरातून सरळ मागच्या पडवीत घेऊन जायची, पाण्याचा तांब्या समोर ठेवायची. आतल्या खोलीची खिडकी पडवीकडे उघडत असे. आई मला तिथून हाकलायची, तरी एक वाक्य कानावर यायचंच, कारण ते प्रत्येकीचं सारखं असायचं, "आता नाही पाह्यजे वो बाई." कोणी ते रडत म्हणायची, कोणी चोरी केल्यासारखं. एक बाई मला आठवते, तिने हे वाक्य म्हणून टाकलं आणि मग हसायलाच लागली, जणू एवढं बोलून टाकता येतं हेच तिला नवल वाटलं होतं.

चंद्राआत्या ही बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन खाप्याला गेली, तिथेच तिचा सगळा संसार झाला. मूल झालं नाही. नवरा गेल्यावर बाबांनी तिला नागपुरात सक्करदऱ्याच्या आमच्या तीन खोल्यांच्या घरात आणलं, तेव्हा मी सातवीत होते. तिच्याबरोबर एक पेटी आली, एक काळा खलबत्ता आला आणि जुन्या लुगड्यात बांधलेलं बियांचं गाठोडं आलं. पोट न राहण्याचं औषध तिला तिच्या सासूने शिकवलं होतं. त्यात पळसाचं बी असायचं, सावलीत वाळवलेल्या जास्वंदीच्या कळ्या असायच्या, आणि तिसरी एक मुळी, जिचं नाव तिने आम्हाला कधी सांगितलं नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. स्वतःला मूल नसलेली बाई दुसऱ्यांना मूल न होण्याचं औषध देते, यावर गल्लीत बोललं जायचंच. आत्या ते ऐकून घ्यायची आणि खलबत्त्यात घाव जरा जोरात घालायची. औषधाचे पैसे तिने कधी घेतले नाहीत. कोणी परसातली वांगी आणून द्यायची, कोणी आंबाडीची जुडी, कोणी खाप्याहून येणाऱ्याच्या हाती संत्र्यांची पिशवी पाठवायची. खाप्यात ती सासूच्या काळापासून औषध देत होती, आणि नागपुरात आल्यावरही जाता-येता तिथल्या बायकांना देत राहिली.

त्या घराचा आवाज म्हणजे माझ्या दृष्टीने त्या खलबत्त्याचा आवाज, आणि वास म्हणजे आत्याच्या गोळाभाताचा. बुधवारच्या बाजारातून ती आली की त्या दिवशी गोळाभात ठरलेला. भरड्या डाळीत तिखट-मीठ-ओवा कालवून ती मुठीने गोळे दाबायची, भात अर्धामुर्धा शिजला की वर अलगद मांडायची. ताटात वाढल्यावर गोळा हाताने कुस्करायचा, त्यावर मोहरी-लसणाचं कडकडीत तेल ओतायचं, आणि तेल पडताना जो चर्र आवाज होतो तो होईपर्यंत कोणी पहिला घास घ्यायचा नाही, असा तिचा नियम होता. माझी थोरली बहीण शोभाताई तो आवाज तोंडाने काढायची आणि तेल पडायच्या आधीच खायला लागायची. आत्या तिच्या हातावर चापट मारायची. आता शहराच्या टोकाला, बेशाच्या फ्लॅटमध्ये मी एकटीसाठी कधी गोळाभात करते. डाळ तीच, तेल तेच. पण एकटीसाठी केलेल्या भाताला नियम कसला, आणि नियम नाही तर तो मोडणारं तरी कोण?

शोभाताईचं लग्न आत्यानेच खाप्यात जुळवलं होतं. भाऊजी विणकरांच्या सोसायटीत कारकून होते, माणूस गरीब स्वभावाचा, आईपुढे मात्र तोंड उघडत नसे. चार वर्षांत ताईला दोन मुली झाल्या. मी तेव्हा प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करत होते, आणि योगायोग असा की आमच्या विभागात तेव्हा नेमका जास्वंदीच्या फुलांच्या अर्काचाच अभ्यास चालू होता. मॅडम पांढऱ्या उंदरांच्या माद्यांना तो अर्क द्यायच्या आणि त्यांना पिल्लं होतात की नाही ते बघायच्या. पिंजरे साफ करणं, वजनं घेणं, वहीत लिहिणं, ही आम्हा मुलींची कामं. मी घरी हे सांगितलं तेव्हा आत्याने डोक्याला हात लावला होता.

"उंदरांच्या पोट्ट्यांची कायले चिंता वं सरकारले?"

"उंदरांसाठी नाही आत्या. उंदरांना लागू पडलं तर पुढे बायकांसाठी करतील."

"मंग मले इचारायचं होतं. मी बायकांलेच देऊन राहिली इतक्या वर्षांपासून."

आम्ही सगळे हसलो. पण मला आत कुठेतरी फार अभिमान वाटला. आमच्या पडवीतली गोष्ट आमच्या प्रयोगशाळेत होती, आणि दोन्ही ठिकाणी मी होते.

त्याच उन्हाळ्यात ताईला डी. एड.ला प्रवेश मिळाला. तिने फॉर्म भरल्याचं आम्हालाही माहीत नव्हतं. यादीत नाव लागलं तेव्हा ती दोन्ही मुलींना घेऊन एसटीने आली आणि दारातूनच ओरडली, "बाबा, लागला माह्या नंबर!" शाळामास्तरची मुलगी, लहानपणापासून भिंतीवर कोळशाने अक्षरं गिरवून गल्लीतल्या पोरांना शिकवायची. बाबा त्या दिवशी नुसते घरभर फिरत होते. सासूबाईंनी परवानगी दिली, पण अट घालून. ताईने मुलींसह दोन वर्षं माहेरी राहावं, सुटीत खाप्याला यावं, आणि मधात दिवस गेले तर कॉलेज सोडून परत यावं. त्यांना नातू हवा होता. दोन वर्षं थांबायला त्या तयार झाल्या, हेच त्यांच्या मते खूप होतं.

एका संध्याकाळी ताई मला गच्चीच्या जिन्यावर घेऊन गेली. खाली तिच्या मुली आत्याच्या मागे मागे फिरत होत्या.

"सुधा, एक सांग. गोळ्यांचं पाकीट माह्या सासूबाईंच्या हाती लागलं त गोंधळ होईल. तांबी बसवली त खाप्याच्या दवाखान्यातली नर्स त्यांची भाची आहे, अन् मले भेव वाटते त्याचं. आत्याचं औषध पोटाच्या दुखण्याचं म्हणून घेता येते. पन ते खरंच लागू पडते का? तुमच्या कॉलेजात त करूनच राहिले न?"

मी तिला काय सांगायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. आमच्या सगळ्याच माद्यांवर अर्काचा परिणाम झाला नव्हता. काहींना पिल्लं झाली होती, गुलाबी, डोळे मिटलेली, आणि त्यांची नोंद माझ्याच हाताने वहीत झाली होती. शिवाय आमचा अर्क मोजूनमापून काढलेला, आत्याचं औषध चिमटीने दिलेलं, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. मी तिला नागपुरातल्या मोठ्या दवाखान्यात नेऊ शकले असते. तिथे कोण कोणाची भाची? पण ताई माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी सगळी विद्या शिकून आले आहे. आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या बहिणीने मला काही विचारलं होतं.

"हो," मी म्हटलं. "लागू पडतं."

परवा आमच्या मजल्यावरच्या नव्या सूनबाईने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कोणी एक गोड आवाजाची बाई जास्वंदीचं फूल हातात धरून सांगत होती, निसर्गाने दिलंय, काही अपाय नाही, गोळ्या फेकून द्या. "काकू, तुम्ही तर याच विषयातल्या, खरं आहे का हो?" तिने विचारलं. मी म्हटलं, वनस्पतीत गुण असतील, नाही असं मी म्हणणार नाही, आम्ही काही ते पाहिलेही. पण उंदरापासून तुझ्यापर्यंतची वाट अजून कोणी पुरती चाललेलं नाही. तू उद्या डॉक्टरांकडे जा, हवं तर मी येते सोबत. पोरगी जरा नाराज झाली. तिला एका शब्दाचं उत्तर हवं होतं. ते मी एकदा देऊन चुकले होते.

ताईचे कॉलेजचे पहिले महिने आमच्या घराचे सगळ्यात सुखाचे दिवस होते, असं मी आज म्हणते. सकाळी ती निळ्या काठाची साडी नेसून, केसांत क्लिप खोचून, हातात तक्त्याची सुरळी घेऊन निघायची. बाबा तिला चौकापर्यंत सोडायला जायचे, जणू पहिलीतलीच मुलगी. संध्याकाळी ती परत आली की तिच्या मुली, मी, आत्या, सगळ्यांना भिंतीशी ओळीत बसवून पाठाची तालीम घ्यायची. आत्या कधी मुद्दाम चुकायची. "चंद्रा, उभी राहा," ताई करड्या आवाजात म्हणायची, आणि आत्या पदर तोंडाला लावून खरंच उभी राहायची. त्या वर्षी आत्या 'च' काढायला शिकली. पुढचं अक्षर शिकायचं राहिलं.

कारण दिवाळीच्या सुटीत ताई खाप्याला जाऊन आली, आणि थंडी सुरू झाल्यावर एका सकाळी फोडणीच्या वासाने तोंड दाबून मोरीकडे पळाली. आईच्या लक्षात आलं. माझ्याही. आत्या चुलीसमोर बसली होती, तिने मागे वळूनही पाहिलं नाही, फक्त कढईखालचा जाळ ओढून घेतला. ताईने नेमाने औषध घेतलं होतं, एक दिवस चुकवला नव्हता. पंधरा दिवसांत भाऊजी न्यायला आले. जाताना ताई आत्याच्या पाया पडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्या उंदरांचं नशीब चांगलं वं." तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

आत्या तीन दिवस धड जेवली नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी पडवीत गेले तर ती बियांचं गाठोडं सोडून बसली होती.

"असं कधी झालं नाही," ती म्हणाली. "इतक्या जणींले दिलं. एकही सांगायले आली नाही का लागलं नाही म्हून."

मग मी तिला सांगून टाकलं. आमच्या उंदरांचं, पिल्लांचं, गच्चीच्या जिन्यावर मी काय बोलले त्याचं, सगळं. मला वाटलं ती मला मारेल. तिने एवढंच विचारलं, "ज्याइले पिल्लं झाले, त्याइचं काय करता तुमी?"

"लिहून ठेवतो आत्या. मॅडम म्हणतात, ज्यांना लागू पडलं नाही त्यांची नोंद आधी घ्यायची."

ती बराच वेळ हातातलं बी चोळत राहिली.

"मी त कोनालेच नाही इचारलं," ती म्हणाली. "ज्या आल्या नाहीत, त्याइले गुन आला असंल, असं समजत होती. सुधा, मले खाप्याले घेऊन चाल."

रविवारी आम्ही मोरभवनातून एसटी पकडली. खाप्यात शिरलं की तेव्हा गल्लीगल्लीतून हातमागांची खटखट ऐकू यायची, बोलायचं झालं तर आवाज चढवावा लागायचा. आत्याने प्रत्येक घर पाठ असल्यासारखं घेतलं. पहिल्याच घरी सुमन नावाची बाई बाहेर आली, तिच्या मागे एक, दोन, तीन मुलं. आत्याला बघून तिला आनंद झाला. "चंद्राबाई! या, बसा, चहा ठेवतो." आत्या बसली नाही. दारातच म्हणाली, "सुमन, खरं सांगजो. मी दिलं ते लागलं का?" सुमनचा हात केसांशी थांबला. तिने सगळ्यात धाकट्याकडे पाहिलं. "हा तुमचं औषध घेतल्यावरचाच नं बाई," ती हळूच म्हणाली. आत्याने खाली वाकून त्या मुलाचा गाल कुरवाळला आणि पुढच्या घराकडे चालू लागली.

दिवसभर आम्ही हिंडलो. काहींना गुण आला होता, निदान त्या तसं म्हणाल्या. एकीला आला की नाही तेच ठाऊक नव्हतं, कारण तिचा नवरा तेव्हा सुरतेला कामाला होता. पण कितीतरी अंगणांत उत्तर आमच्यासमोर खेळत होतं. आत्या एकही घर सोडत नव्हती. तिचे पाय सुजले, मी म्हटलं बस झालं, तर म्हणाली, "तुमच्या मॅडम अर्ध्यात सोडतात का?" शेवटी आम्ही इंदिराकडे गेलो. ही तिची जुनी शेजारीण, मागावर बसलेली होती. आत्याचा प्रश्न ऐकून तिने माग थांबवला. तो आवाज बंद झाल्यावर घर एकदम मोठं वाटायला लागलं.

"दोनदा लागलं नाही," इंदिरा म्हणाली.

"दोनदा? मंग परत काहून घेतलं वं? मले सांगितलं काहून नाही?"

"तुमाले काय सांगू? तुमी एवढ्या मायेनं कुटून द्यायच्या." इंदिरा हातातला धागा सारखा करत राहिली. "आन खरं सांगू का, मी औषधासाठी येतच नव्हती. दुसऱ्या कोनापुढं म्हनता आलं असतं का मले, का आता नोको म्हून? सासूपुढं? नवऱ्यापुढं? तुमी ऐकून घ्यायच्या. बोलू नोको असं कधी म्हटलं नाही. घरी येऊन दोन-चार दिवस मले झोप लागे बरी."

आत्या तिच्या मागाच्या कडेला बसली. ती रडली नाही. येताना एसटीत ती खिडकीपाशी बसली होती. कन्हानचा काठ गेला, संत्र्यांचे बगिचे गेले, आणि पाटणसावंगी आल्यावर ती म्हणाली, "त्या येऊन राहिल्या होत्या, आन मी पुड्या बांधून राहिली होती."

ताईला मुलगा झाला. सासरी पेढे वाटले गेले. आणि कशी कोण जाणे, पण बातमी अशी पसरली की चंद्राबाईच्या औषधानेच दोन मुलींवर मुलगा झाला. आमच्या दाराची कडी पुन्हा वाजायला लागली, आणि आता बायका मुलगा होण्याचं औषध मागत होत्या. आत्याचा संताप मी तेव्हाच पाहिला. "मले काहीच येत नाही," ती दारातूनच सांगायची. पण जिला आणखी मूल नको असायचं तिला ती अजूनही पडवीत नेऊन बसवायची. तिचं सगळं ऐकून घ्यायची. मग पायात चपला घालायची आणि तिच्यासोबत दवाखान्यात जायची. तिथल्या बाकावर दिवस दिवस बसायची. दवाखान्यातल्या नर्स तिला आधी नातेवाईक समजत, मग ओळखायला लागल्या. आत्याच मागे लागली म्हणून ताईने मुलगा पाच महिन्यांचा झाल्यावर नागपुरात येऊन ऑपरेशन करून घेतलं. या वेळी भाऊजी स्वतःच्या आईपुढे पहिल्यांदा बोलले, असं ताईने सांगितलं. काय बोलले ते तिने सांगितलं नाही.

टाके काढायच्या दिवशी आम्ही तिघी ऑटोने परत येत होतो. बाळ घरी आईपाशी होतं. ताई आणि आत्या अजून एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या. वाटेत ताई अचानक म्हणाली, "भाऊ, जरा इकडून घ्या." ऑटो तिच्या कॉलेजच्या फाटकापाशी थांबला. सुटायची वेळ होती. मुली घोळक्याने बाहेर पडत होत्या, हातात तक्ते, पिशव्या, कोणाच्या बोटांना रंग लागलेला. तिच्या वर्गातल्या मुली आता दुसऱ्या वर्षाला होत्या. एकीने तिला ओळखलं, हात केला, ताईनेही केला, पण ती खाली उतरली नाही.

आत्या खाली मान घालून बसली होती. "शोभे," ती म्हणाली, "मी तुह्यं नुकसान केलं."

 ताई फाटकाकडेच बघत होती. एक बारीकशी मुलगी रस्त्याच्या कडेला उभी राहून आपला तक्ता वाऱ्यात सुरळी करायचा प्रयत्न करत होती, आणि तो पुन्हा पुन्हा उलगडत होता. त्यावर मोठ्या अक्षरांत शब्द आणि चित्रं होती.

"अगं ए," ताई ऑटोतून ओरडली, "फूल ऱ्हस्व लिहिलं तू! दीर्घ पाह्यजे!"

मुलगी दचकली, तिने तक्त्यात पाहिलं, जीभ चावली. "हो मॅडम," असं म्हणाली, आणि पळाली.

मॅडम. ताईने ते ऐकलं, हसली, आणि हसता हसताच तिने आत्याचा हात घट्ट धरला. ऑटोवाल्याने विचारलं, आता निघायचं का? आम्ही तिघी अजून फाटकाकडे बघत होतो. तो भला माणूस होता. त्याने इंजिन बंद केलं, आणि शेवटची मुलगी बाहेर पडेपर्यंत आम्हाला तिथे बसू दिलं.